मोत्याची बिस्किटं

आमच्या ह्यांना स्वयंपाक येत नाही असं कोण म्हणतं गं? अंबरनाथला असताना मी तापाने फणफणले, तेव्हा यांनी विचारलं होतं, "साखर कुठे असते?" भाजी आवडली नाही की ताट सरकवायचे. पण घरात कुत्रा आला आणि महाराज स्वतः कणीक चाळायला बसले! अंडं, मटणाचं पाणी घालून बिस्किटं थापली. आपण दिवाळीत नानकटाई भाजून आणायचो ना, त्या कॅम्प पाच वस्तीतल्या बेकरीत नेली. भट्टीवाल्याला म्हणाले, "पाहुण्यांसाठी आहेत."

मोत्याने एक हुंगलं आणि माझ्या हातातली शिळी चपाती घेऊन पळाला.

"एवढं राबून केलं, आणि याने सरळ तोंड फिरवलं!"

मी म्हटलं, "सवय होते हो हळूहळू. मला बारा वर्षं झाली."