शेवटचा नाच घरच्यांबरोबर

अमेरिकेतल्या मेकन गावातल्या क्लबच्या व्हरांड्यात डेल्मा नातवाची वाट बघत स्वेटर विणत बसली होती. कान मात्र शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याकडे होते. आत मुलांच्या नाच आणि शिष्टाचाराच्या वर्गाचा शेवटचा दिवस रंगात आला होता.

"पांढरे हातमोजे घालून वॉल्ट्झ! आजकाल कोण नाचतं गं असं?"

"आपली टेसी नाचते. तीही खुशीत."

"पुढच्या वर्षी पोहायला घालू तिला. बुडताना उपयोग तरी होईल."

"तुम्हालाही सासूबाईंनी इथंच घातलं होतं ना?"

"बखोटीला धरून! साठ वर्षं झाली, ज्यूनी. आता त्यातलं काही म्हणता काही आठवत नाही."

"काहीच नाही?"

"तुझी शप्पथ!"

दार उघडलं. झालरीच्या फ्रॉकमधली अकरा वर्षांची टेसी समोर आली आणि गुडघ्यात किंचित वाकली.

"आजोबा, शेवटचा नाच घरच्यांबरोबर असतो. माझ्याबरोबर नाचाल का?"

"अगं, माझे गुडघे..."

"नाही म्हणायचं नसतं, आजोबा. नियम आहे."

म्हातारा उठला आणि त्यानं ऐटीत कोपर पुढे केलं.

"अहो, जॅकेटचं बटण..."

"लावलंय. उठता उठताच लावायचं असतं. विसरलीस वाटतं?"