गोल्फच्या काठीचा घाव

माहं नाव हमीद, जन्म गडचांदूरचा. बाप भांड्याले कलई करे, भाता खांद्यावर टाकून गावोगाव फिरे, मंग घरोघरी स्टीलचे भांडे आले तं कलई कोन करते, म्हणून बाप चुनखडीच्या खाणीत लागला, अन् एका दुपारी सुरुंग उडाला, दगड येऊन छातीवर बसला, जागीच गेला. मी वीस-एकविसाचा. मायनं शपथ घातली, खाणीत पाय टाकशीन तं माहं मेलेलं तोंड पाहशीन. म्हणून मी सिमेंट कारखान्याच्या कॉलनीत माळी लागलो. म्हनलं झाडापाल्याचं काम हाय, इथी कोन मरते.

नव्वदच्या नंतरची गोष्ट हाय जी. कॉलनीच्या मागं साहेब लोकायनं नऊ भोकायचं गोल्फचं मैदान केलं होतं. चहूकडं सिमेंटची धूळ, पळसाचे पानंसुद्धा पांढरे, अन् मधात हे हिरवंगार. माह्यासंगं लालू कोडापे होता, कोरपन्याकडच्या गुड्यावरचा, म्हणजे पाड्यावरचा, गोंड माणूस, माह्याहून दहा वर्षानं मोठा, मी त्याले दादा म्हणो. बोले कमी. गवतावर तळहात ठेवून सांगे, आज पाणी नको देऊ, उद्या दे. आम्ही दोघं गवत कापो, अन् साहेब खेळाले आले का त्यायच्या काठ्यायच्या पिशव्या खांद्यावर घेऊन मागं मागं फिरो.

आता भांडण कायचं, ते सांगतो, तुम्ही हासान. चार साहेब मिळून अमेरिकेले जानार होते, फकस्त गोल्फ खेळाले. दोन वर्षापासून ठरवून राह्यले होते, पण जायचं कुठी यावरच अडलं. खन्ना साहेब म्हणे, अ‍ॅरिझोनाच. मशीन खात्याचे मोठे साहेब, उंचपुरे, रागीट, तिकडं ट्रेनिंगले राहून आले होते. म्हणे, सारं वाळवंट अन् मधात गालिच्यासारखं मैदान, कोरड्या हवेत चेंडू लांब जाते, पावसाची कटकट नाई. राव साहेब म्हणे, फ्लोरिडा. हे प्रयोगशाळेचे, जाडे, हासरे, त्यायची पोरगी तिकडं दिली होती. म्हणे, समुद्र हाय, तलाव हाय, गल्लोगल्ली मैदान हाय. उरलेले दोघं कधी याच्या बाजूनं, कधी त्याच्या. रोजचं हेच. लालूदादा मले हळूच विचारे, का गा हमीद, हे अ‍ॅरिझोना तालुका हाय का जिल्हा?

त्या महिन्यात राव साहेबाले वरची खुर्ची भेटली, खन्ना साहेबाले नाई भेटली. तेव्हापासून खन्ना साहेबाचं तोंड तापलेल्या तव्यावानी. आम्हाले दिसे, पण आम्ही कोन बोलनारे?

हिवाळ्यातला रविवार होता, सकाळची वेळ. शेवटच्या भोकापाशी कडुनिंबाखाली चौघं उभे, राव साहेब जिंकले होते. पुन्हा अमेरिका निघाली. दोन मतं इकडं, दोन तिकडं. राव साहेब हासत म्हणे, हमीदले विचारा, गवत तं तोच वाढवते, त्याचं मत पाचवं. मी म्हणाले पाहिजे होतं, साहेब मले काय समजते. पण जिभेले हाड नसते नं जी, मी म्हनलं, साहेब, जिथी पाणी तिथीच खरं गवत, वाळवंटातलं गवत जबरीचं. बस. राव साहेबानं मांडीवर थाप मारली, म्हणे, लो, फ्लोरिडा! माळ्याले कळते ते इंजिनिअरले कळत नाई, म्हणूनच खुर्ची नाई भेटली.

खन्ना साहेबानं लोखंडी मुंडीची काठी दोन्ही हातानं उचलली अन् घातली, सरळ कानशिलात. छपराचं कवेलू फुटल्यावानी आवाज झाला. राव साहेब खाली बसले, जसं जोडा बांधाले बसते माणूस, अन् आडवे झाले. दुसरा घाव उचलला तं मी मधात गेलो, हात आडवा केला, हाड कटकन मोडलं. तिसरा माह्या डोक्यावरच येनार होता, पण लालूदादानं मागून कवळा घातला, खन्ना साहेबाले खाली आपटलं, काठी हिसकून घेतली. तेवढ्यात गेटवरचे गार्ड धावत आले. त्यायले काय दिसलं? रक्तात पडलेले राव साहेब, अन् गोंडाच्या हातात काठी. खन्ना साहेब जमिनीवरूनच ओरडले, इसने मारा. ते बाकीचे दोन साहेब, सारं पाहिलेले, खाली गवताकडं पाहत राह्यले. मी ओरडलो, नाई जी, नाई, कोन आयकते?

गार्डायनं लालूदादाले गेटच्या खोलीत नेलं. पट्ट्यानं मारलं, बुटानं मारलं. मी बाहेर दवाखान्यात न्यायच्या जीपमध्ये, हात लोंबत, सारं आयकून राह्यलो होतो. लालूदादा एकच म्हणे, म्या धरला, मारला नाई. मंग म्हणनंही बंद झालं. नुसता मारायचा आवाज.

राव साहेबाले नागपूरले नेलं, मले चंद्रपूरच्या दवाखान्यात टाकलं. कॉलनीतला एक माणूस आला, म्हणे, हमीद, लालू दारू पिऊन होता, त्यानंच मारलं एवढं सांग, तुही नोकरी पक्की. मी हो म्हनलं नाई, पण नाईही म्हनलं नाई. दोन दिवस भिंतीकडं तोंड करून पडून राह्यलो. तिकडं पोलिसायनं ठाण्यात नेऊन लालूदादाले पुन्हा तुडवलं, डाव्या कानातून रक्त आलं, तो कान गेला तो गेलाच.

तिसऱ्या दिवशी त्याची बायको सोमीबाई आली. रडली नाई. माह्या पलस्तराले बोट लावून म्हणे, हे माह्या माणसानं केलं का? मी म्हनलं, नाई वो बाई. तं म्हणे, मंग हे मले काऊन सांगून राह्यला? तिकडं सांग.

तसाच उठलो, तिच्यासंगं ठाण्यात गेलो. तिथल्या ठाणेदारानं आयकलं अन् दोन थोबाडीत दिल्या, व्हटातून रक्त आलं. म्हणे, सोचून बोल. मी तेच बोललो. दिवसभर बसवलं, पुन्हा विचारलं, पुन्हा मारलं, मी तेच बोललो. आठवड्यानं नागपुरात राव साहेबाले शुद्ध आली, तोंड वाकडं, बोलता येईना, कागदावर खन्ना साहेबाचं नाव लिहिलं. तेव्हा कुठी लालूदादा सुटला. खन्ना साहेब काई महिने आत राह्यले, मंग जमानत झाली, गाव सोडून गेले. राव साहेबाले पोरगी घेऊन गेली, फ्लोरिडालेच. खेळाले नाई, चाकाच्या खुर्चीवर.

आम्हा दोघायले कामावरून काढलं. आता मी बसस्टँडजवळ फुलझाडं विकतो, हा हात पुरा वर जात नाई. लालूदादा बाजाराच्या दिवशी येते, मी त्याच्या उजव्या बाजूनं बसतो, तिकडूनच त्याले आयकू येते. मागं एकदा हिंमत करून विचारलं, दादा, मी दोन दिवस गप राह्यलो, त्याचा राग हाय का? त्यानं बिडी पेटवली. मंग म्हणे, पहिल्या दिवशी होता. दुसऱ्या दिवशी लय होता. पुढचं त्यानं सांगितलं नाई, मीही विचारलं नाई. अर्धी बिडी माह्याकडं केली. अल्ला त्याले लंबी उमर देवो.