दौंड ते पुणे, इंजिनातून

मुक्ताई : मला अर्धांगवायू कधी झाला, तेवढं सांग. तारीख नको, नुसता वार सांगितलास तरी चालेल.

पूर्णिमा : आई, हळू. शेजारी ऐकतील.

मुक्ताई : ऐकू देत. अर्धांगवायू झालेली बाई एवढी ओरडते हे त्यांनाही कळू दे. तू आंघोळीला गेलीस, तुझा मोबाइल इथे वाजायला लागला, मी उचलला. कोण, तर ड्युट्या वाटतात त्या तुमच्या लॉबीतले संपतराव. "पूर्णिमाच्या आईंचं कसं आहे आता? कोणती बाजू गेली, डावी की उजवी?" म्हटलं, मीच ती आई. दोन्ही बाजू जागेवर आहेत, आणि जीभ पहिल्यापेक्षा जोरात आहे. ऐकायचीय का?

पूर्णिमा : अरे देवा.

कल्याणी : मग काय म्हणाले ते, आई?

मुक्ताई : काय म्हणणार, सूनबाई? घसा खाकरला. म्हणाले, साहेब शेजारीच बसलेत, त्यांनी सगळं ऐकलं. पूर्णिमाला अकराला पाठवा. इंजिन सोडून टेबलावरचं काम कशाला हवंय, त्याचं खरं कारण तिनं स्वतः येऊन सांगावं. मला तर दोन बातम्या एकदमच कळल्या. मी लुळी पडले, आणि माझी पोरगी इंजिन सोडतेय.

पूर्णिमा : मी सांगणार होते तुला.

मुक्ताई : कधी? रविवारी विहारात सत्कार झाल्यावर? सुशीलाबाईंनी फ्लेक्स छापायला टाकलाय. "आपल्या वस्तीची पहिली महिला रेल्वे चालक." शाल मी स्वतः लक्ष्मी रोडवरून आणलीय.

पूर्णिमा : असिस्टंट आहे मी. चालक नाही.

मुक्ताई : फ्लेक्सवर असिस्टंट लिहीत नाहीत. आता सांग, का सोडतेयस?

पूर्णिमा : नाही जमत.

मुक्ताई : कोणी अंगचटीला आलं का? नाव सांग नुसतं.

पूर्णिमा : नाही गं. माणसं चांगली आहेत सगळी.

मुक्ताई : मग? घाबरतेस?

पूर्णिमा : हो. तसंच समज.

मुक्ताई : नागोराव ड्रायव्हरची पोरगी इंजिनाला घाबरते? अगं, दसऱ्याला शेडमध्ये इंजिनाची पूजा असायची, तेव्हा तुझे बाबा तुला आत सीटवर बसवायचे. एवढीशी होतीस. भोंगा वाजवलास की बाकीच्या ड्रायव्हरांची पोरं रडायची आणि तू परत वाजवायचीस. आणि मी? लग्नाला वर्ष झालं नव्हतं, तेव्हा दौंड ते पुणे...

कल्याणी : इंजिनातून आलात.

पूर्णिमा : आई, ती गोष्ट आज नको.

मुक्ताई : का नको? पॅसेंजर रद्द झाली, ह्यांच्याकडे मालगाडी होती, म्हणाले चढ वर, साहेबानं बघितलं तर बघितलं. अस्सा वारा! शेतातली माणसं खुरपी टाकून बघायची. स्टेशन मास्तर हिरवा झेंडा धरून उभा, जणू माझ्यासाठीच. त्या दिवशी दौंडपासून पुण्यापर्यंत माझ्याइतकी उंच बाई कोणी नव्हती.

कल्याणी : आई, थांबा जरा. ताई, मी सांगू? नाहीतर तू सांग. माझी हिंजवडीची बस निघून गेलीय, आज मी सुट्टीच टाकते, पण हे आता झालंच पाहिजे.

पूर्णिमा : कल्याणी, नको.

कल्याणी : आई, ताईला युरिन इन्फेक्शन झालंय. पुन्हा पुन्हा होतंय. मागच्या वेळी थंडी वाजून ताप आला होता ना, तुम्ही काढा दिला होतात, ते हेच. मीच नेलं होतं डॉक्टरांकडे. ते म्हणाले, असंच चाललं तर किडनीवर जाईल.

मुक्ताई : कसलं इन्फेक्शन?

पूर्णिमा : आई, मी ड्युटीवर पाणी पीत नाही.

मुक्ताई : का?

पूर्णिमा : प्यायल्यावर जावं लागतं म्हणून.

मुक्ताई : मग जायचं.

पूर्णिमा : कुठे, सांग ना? मालगाडी बाजूच्या रुळावर घालतात आणि मागच्या एक्सप्रेस सोडत बसतात. दोन दोन तास. पायलट, म्हणजे माझा ड्रायव्हर, खाली उतरतो, चाकाशी उभा राहतो, परत येतो, चहा पितो. मी बसून राहते. पायलट भला माणूस आहे. म्हणतो, ताई, तुम्ही पलीकडच्या बाजूला उतरा, मी तोंड फिरवतो. तोंड फिरवलं की जास्त लाज वाटते गं.

मुक्ताई : स्टेशनात असेल की.

पूर्णिमा : असतं. कुलूप लावलेलं. किल्ली असते तो पोर्टर जेवायला गेलेला. आणि गाडी सोडून मला असं उठून जाता येत नाही. वॉकीटॉकीवर सांगावं लागतं. मी पायलटला सांगायचं, त्यानं मागच्या गार्डला, गार्डनं स्टेशनात. "मॅडमना जायचंय, दहा मिनिटं सिग्नल देऊ नका." आसपासच्या सगळ्या गाड्यांना ते ऐकू जातं. परत येऊन बसले की वॉकीटॉकीवर कोणीतरी विचारतो, "झालं का?" आणि दुसरा कोणीतरी हसतो. कोण हसला तेही कळत नाही. मग लॉबीत डबा घेऊन बसले की मी एकेकाच्या तोंडाकडे बघत राहते, हा होता का, तो होता का.

मुक्ताई : आणि हे तू त्यांना नाही सांगितलंस? माझ्या अंगावरून वारं घातलंस?

पूर्णिमा : आजारी आई सांगता येते. हे नाही येत सांगता. साहेब पुरुष, संपतराव पुरुष, टेबलावरचे सगळे पुरुष.

मुक्ताई : कल्याणी, तुझ्या हिंजवडीच्या ऑफिसात असतं का गं?

कल्याणी : प्रत्येक मजल्यावर. दोन दोन. आत सुगंध फवारायचं यंत्रसुद्धा आहे.

मुक्ताई : बघा. बसल्या जागेवरून अमेरिकेची कामं करणाऱ्यांसाठी अत्तराचा वास. आगगाडीत बसून झोपा काढणाऱ्यांसाठी डब्याच्या दोन्ही टोकांना सोय. आणि जी एवढी गाडी ओढतेय, तिलाच मोरी नाही? हे काय शहाणपण झालं? कोणाच्या डोक्यात आलं नाही इतक्या वर्षांत?

पूर्णिमा : तुझ्या डोक्यात आलं होतं का?

मुक्ताई : म्हणजे?

पूर्णिमा : मी परीक्षा दिली तेव्हा. अख्ख्या वस्तीत पेढे वाटलेस तू. मी तर दसऱ्याला उभ्या इंजिनात चढायचे, भोंगा वाजवायचे, उतरून घरी जायचे. मला काय कळणार होतं? पण तू आलीस ना दौंडपासून. तुला माहीत होतं आत काय असतं आणि काय नसतं. एका शब्दानं बोलली नाहीस.

मुक्ताई : मला वाटलं, आता सुधारलं असेल. सगळंच सुधारलं.

पूर्णिमा : विचारलंस कधी? नाही ना विचारलंस. वारा, हिरवा झेंडा आणि उंच बाई. एवढंच सांगत राहिलीस.

(खालून शाळेची रिक्षा भोंगा देत जाते.)

मुक्ताई : केडगावला घातली होती गाडी बाजूला. ऊन मी म्हणत होतं. सकाळी निघताना माहेरी दोन तांबे ताक प्यायले होते. हे दोघं उतरले, हे आणि त्यांचा असिस्टंट. आले जाऊन. मला विचारलं, भूक लागली का? भूकच विचारली. नव्या नवऱ्याला काय सांगणार? आणि तो परका माणूस तिथे. मांडीला मांडी आवळून बसले.

कल्याणी : आई, राहू द्या. नाही सांगितलंत तरी चालेल.

मुक्ताई : उरुळीपर्यंत धरलं. हडपसरच्या अलीकडे इंजिनाला असा हिसका बसला... नाही धरता आलं. माहेरची नवी साडी होती. खालचा पत्रा सगळा... मी पाण्याची बाटली हातात होती ती उलटी केली. म्हटलं, अगं बाई, सांडली. तर ह्यांनी त्या असिस्टंटवरच तोंड टाकलं. बाटलीचं झाकण नीट लावता येत नाही का रे, म्हणून. तो बिचारा फडकं घेऊन पुसायला बसला. माझ्या पायाशी. त्याला कळलं असणार. मान वर केली नाही त्यानं पुण्यापर्यंत.

पूर्णिमा : आई...

मुक्ताई : थांब, सांगू दे. तोंड उघडलंय तोवर. नंतर तुझ्या बाबांची घाटात बदली झाली. मला म्हणाले, चल, पावसाळ्यातला घाट दाखवतो, बोगद्यातून नेतो. किती वेळा म्हणाले. मी म्हटलं, मला भीती वाटते. दरवेळी तेच. त्यांना खरंच वाटलं. शेडमध्ये, लग्नाकार्यात, सगळीकडे हसून सांगायचे, आमची मुक्ता वाघाला भिणार नाही, पण इंजिनाला भिते. मी खाली मान घालून उभी राहायचे. घाबरट म्हणवून घेतलं, पण ते नाही सांगितलं. मरेपर्यंत त्यांना कळलं नाही. ते गेल्यावर मग मी वाऱ्याची गोष्ट सांगायला लागले. तेव्हा कोणी खोडून काढणारं नव्हतं.

पूर्णिमा : मला तरी सांगायचंस.

मुक्ताई : तुला तर नाहीच. तू पास झालीस आणि मला वाटलं, फिटलं. माझी पोरगी त्याच इंजिनात ताठ बसणार, आता तो पत्रा कोरडा झाला. तू कशी बसतेस, ते विचारायचं सुचलंच नाही. सुचलं असेलही. विचारलं नाही.

कल्याणी : ताई, साडेदहा होतील आता. रिक्षा बघू का?

मुक्ताई : बघ. मीपण येते.

पूर्णिमा : तू कशाला?

मुक्ताई : खोटं माझ्या नावावर सांगितलंस, आता खरं माझ्यासमोर सांग. आणि टेबल मागायचं नाही. सोय मागायची. ती होईपर्यंत टेबलावर बसवा म्हणावं. तुला नाही जमलं तर मी बोलते.

पूर्णिमा : आणि रविवारचा सत्कार?

मुक्ताई : सुशीलाबाईंना मी सांगते. शाल घरात राहील. थंडीत उपयोगी पडेल.

पूर्णिमा : साहेबांपुढे काय बोलशील पण? मघापासून इतकं सांगितलंस, तो शब्द एकदाही तोंडातून निघाला नाही.

मुक्ताई : तुझ्या कुठे निघाला? कल्याणीनं सांगितलं तसं सांगू. इंग्रजीत.

कल्याणी : इंग्रजीत सांगितलं की तो आजार होतो, आई. ते म्हणतील, गोळ्या घ्या, आठवडाभर सुट्टी घ्या. मराठीतच सांगावं लागेल.

पूर्णिमा : म्हण बघू एकदा. सवय होईल. इथे आपण तिघीच तर आहोत.

मुक्ताई : तिघी कुठे? भिंतीवर तुझे बाबा आहेत. रिक्षात बसल्यावर म्हणते.