पंचायतीतला मुका फोन

माझं नाव बबन. आमचं गाव जामखेडच्या पुढं, माळावरचं. आमच्या आज्यानं गावात दवंडी दिली, बापानं ते काम सोडलं, पन गळा काय सोडता येत न्हाई, तो माझ्याकडं आला. मी ग्रामपंचायतीत शिपाई हाय, हापिस झाडायचं, टपाल आनायचं, आन कुनाला बोलवायचं झालं की पायरीवर हुबं ऱ्हाऊन एक हाक द्यायची, वरच्या आळीतली बाई तव्यावरची भाकर तशीच टाकून यायची. पन तुमी वही घिऊन गावच्या गोष्टी लिवाय आलासा म्हनून सांगतो ताई, गळा मोठा आन तोंड त्याच्याहून फाटकं. मनात आलं की बोलून मोकळं, मग समोरचा कोन का आसंना.

पंचायतीत फोन आला तवा लोकं नवी नवरी बघायला यावी तशी आली. भायेर खांबावर एरियल, आत डबा, डब्याला फोन. पन नशीब बघा, फोन निघाला मुका. म्हंजे तिकडचं आमाला झ्याक ऐकू यायचं, आमचं तिकडं जायाचं न्हाई. आमी बोंबलून बोंबलून घसा बसवायचो आन तिकडून आपलं हॅलो हॅलो. तारवाले दोनदा येऊन उघडून बघून गेले, म्हनाले बदलूनच द्यावा लागंल, आन गेले ते गेलेच. मग गावानंच वाट काढली. शब्द जायाचा न्हाई, पन बोलायच्या भोकावर बोटानं ठोकलं की तिकडं कट आसं वाजायचं. एक ठोका म्हंजे व्हय, दोन म्हंजे न्हाई. ऊसतोडीला गेलेली पोरं कारखान्यावरनं फोन करायची, आय बरी हाय का, कट. म्हस व्याली का, कट कट. एक म्हातारी तर ठोकताना मुंडी बी हालवायची. आन ठोकता ठोकता तोंडानं वरडायची सवय काय कुनाची मोडली न्हाई, माझी तर मुळीच न्हाई.

आता घरचं सांगतो, लपवायचं काय. माझी बायको सुमन, तिचं मायेर श्रीरामपूर. तिकडं पाटाचं पानी, पेरूच्या बागा, आमच्याकडं उन्हाळ्यात टँकर. एकदा तिचा बाप आला, नातीसाठी पिशवीभर पेरू घिऊन, तीन यष्ट्या बदलून. पंचायतीतली मानसं माझ्या वट्यावर बसल्याली. मला काय सुचलं कुनास ठावं, मी म्हनालो, मामा, आमी काय हितं उपाशी मरतोय का, म्हनून पिशव्या भरून आनता. मानसं हासली. मामानं हातातला पान्याचा तांब्या खाली ठिवला, नातीच्या डोक्यावरनं हात फिरवला, सगळ्यास्नी जयभीम घातला आन तसाच स्टँडवर गेला. दुसऱ्या दिवशी सुमन पोरीला घिऊन गेली. जाताना वाईट वंगाळ एक शब्द न्हाई बोलली, त्याचंच मला लई लागलं. आमच्यात नवऱ्यानं जाऊन आनावं लागतं. मी म्हनलं, आपल्या पायानं गेली, आपल्या पायानं येईल. आसा मी शाना.

पंधरा दिसांनी दुपारी फोन वाजला. उचलला तर सुमन. तिच्या भावाच्या दुकानाशेजारच्या बूथवरनं बोलत हुती. म्हनाली, अवो, हायेसा का. मी कट. मग ती बोलाय लागली. मी वरडून वरडून उत्तर देतोय, तुजा बाप आसा, तुजा भाऊ तसा, पन तिकडं काय जातंय. ती आपली बोलतीय. मी दमलो ताई. दमलो आन गप ऱ्हायलो, आन सहा वर्सांत पयल्यांदा तिचं वाक्य शेवटापतुर ऐकलं. ती म्हनाली, मी बोलाय तोंड उघडलं की तुमी त्यातलं पयलं अर्धं घिऊन पळता, मागचं अर्धं माझ्या पोटातच ऱ्हातंय. म्हनाली, माझ्या बापानं ते पेरू स्वताच्या बागंतलं न्हाई आनलं, तो दुसऱ्याच्या बागंत तोडनीला जातो, मजुरीच्या बदल्यात मागून आनलं हुतं. मला हे ठावं न्हवतं. मग तिनं इचारलं, तुमचं चुकलं का न्हाई. ताई, ह्ये बोट हाय ना, ह्ये लई येळ वर ऱ्हायलं. मग एकदाच ठोकलं.

तवापासनं दर बाजारच्या दिवशी तिचा फोन. मी हापिसाचं दार लावून बसायचो. ती पोरीचं सांगायची, शिलाईचा कलास लावलाय म्हनायची, कवा रडायची, कवा हासायची, मी कट. येवढी गोड बोलती ती, मला कुठं म्हाईत. तिला आनाय जायाचं मनात यायचं, पन वाटायचं जाऊन पुन्ना तोंड उघडंल आन सगळं घान हुईल.

आन तेवढ्यात फोन बदलला. आता जमिनीखालनं वायर आली, काळं भोंगळ जाऊन लाल चकचकीत यंत्र आलं. सरपंचानं नारळ फोडला, सगळ्यांनी बोलून बघितलं, शेजारी बसून बोलल्यावानी आवाज. गाव खूश, आन मी एकटा तोंड पाडून.

बाजारच्या दिवशी सकाळीच फोन आला. मी लई ठरवून ठिवलं हुतं, की हळू बोलायचं, चार शबूद, सुमन, चुकलं, घरी ये. पन फोन कानाला लावला आन ती सवय, दोन वर्साची. आसा वरडलो की भायेर झाडाखालची कुत्री उठली. सुमन, घरी ये. तिकडनं ती मग म्हनाली, बरं झालं, फोन सुदारला, तुमी हाय तसंच हायेसा. आन ठिवला. मी परत लावला तर बूथवाला म्हनाला, ताई गेल्या, डोळं पुसत गेल्या.

मी ग्रामसेवक सायबाला इचारलं बी न्हाई. हापिसाला कुलूप घातलं, जामखेड गाठलं, नगरची यष्टी धरली, तितनं श्रीरामपूर. दिवस मावळायच्या आत दारात. मामा वट्यावर बसला हुता. मी पाय धरलं आन म्हनालो, मामा, माझं चुकलं, त्या दिवशी तुमी पानी बी न पिता गेलासा. आवाज आसा बारीक निघाला की माझा मलाच वळखू आला न्हाई. मामानं नातीला हाक मारली, बापाला पानी दे म्हनला. सुमन दारात हुबी. म्हनाली, फोनवर का वरडलासा. मी म्हनालो, जुन्या फोनची सवय गं. ती येवढी हासली की चौकटीला धरून खाली बसली. दुसऱ्या दिवशी आमी तिघं निघालो, श्रीरामपूरपास्नं नगरपतुर ती बोलत हुती, मी खिडकीकडची जागा बी तिला दिली.

दीड वरीस झालं त्याला. पोरगी दुसरीत हाय, सुमनची शिलाई मशीन पडवीत चालती. नगरला म्हनं आता खिशातला फोन निघालाय, निघू द्या. माझं तोंड अजून फाटकंच हाय, खोटं कशाला सांगू, पन निम्म्यात थांबतो. आता बघा, ती आतनं येतीय, मी तुमाला काय काय चुकीचं सांगितलं ते सांगनार. तुमची वही मिटू नका ताई. तिचं सगळं बोलून हुऊ द्या, मग आपुन जेवाय बसू.