टाकीतलं साधं पाणी

फिनलंडमधल्या काजानी गावच्या गॅरेजात, रांगेत इंकेरीच्या पुढे एक म्हातारबाबा काउंटरला टेकून मेकॅनिकशी बोलत उभे होते.

"आजोबा, गाडीच्या काचेवर पाणी उडणार कुठून? टाकीत साधं पाणी भरलंय. गोठलं आणि पंप फुटला."

"शक्यच नाही. माझ्या बायकोनं, हेल्वीनं भरलंय. थंडीत न गोठणारं निळं पाणी ती कधी विसरत नाही."

"उणे वीस अंशांत साधं पाणी! इथलं शेंबडं पोरही असं करणार नाही."

"जन्मभर टपालाची गाडी चालवली रे तिनं."

"मग विसरल्या असतील आजी."

"हं. परवा घराचा रस्ताही विसरली."

"...नवा पंप बसवू ना?"

"बसव. पण किल्ली माझ्याच हातात दे. तिनं मागितली तरी."

"म्हणजे आता तुम्ही चालवणार?"

"मला कुठं येते गाडी?"