ढेपेचं पोतं अन् नांदुऱ्याची सून

मत मागणं आमच्या दुकानदारीपेक्षा कठीण आहे, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मागच्या विधानसभेला आमच्या मतदारसंघाचा एक उमेदवार नांदुऱ्यात माझ्या पशुखाद्याच्या दुकानी आला. तेव्हा जळगाव जामोदकडची माझी जुनी गिऱ्हाईक गोदामावशी सरकी ढेपेचं पोतं घेऊन अडकली होती. बस सुटायच्या बेतात, हमाल जेवायला गेलेला, अन् घरी म्हैस उपाशी. उमेदवार मावशीच्या पाया पडला अन् पोतं खांद्यावर घेऊन निघाला. मीही मागोमाग.

अर्ध्या रस्त्यात तो म्हणाला, "मावशे, यंदा ध्यान असू दे."

"मायं मत तं जळगाव मतदारसंघात हाय, बाबू."

त्यानं पोतं खाली ठेवलं. तिकडे ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

"पण मायी नात नांदुऱ्यातच सून म्हणून येणार हाय. तिचं मत तुलेच!"

पोतं पुन्हा खांद्यावर! बसमध्ये चढवून घाम पुसत त्यानं विचारलं, "सोयरे कोण नांदुऱ्याचे? आजच भेटून येतो."

मावशी खिडकीतून म्हणाली, "थेच तं आमी पाहून राह्यलो. तुह्या पाहण्यात एखादा चांगला पोरगा असन तं सांगजो."

निवडणुकीत बिचारा पडला. पण स्थळ त्यानंच आणलं, अन् नात नांदुऱ्याची सून झाली. पुढच्या खेपेचं एक मत आता पक्कं आहे.