कागदावरची दोन वर्षं

माझं माहेर रावेरच्या बाजूचं, महाराष्ट्रातलं, पन आता तिकडं कोनी राह्यलं नाई. लगन होऊन मी जैनाबादले आली, तापीच्या ह्या काठाले, पूल ओलांडला की बऱ्हानपूर. माझं वय विचारलं तुम्ही, तर काय सांगू तुम्हाले, मलेच माहीत नाई. आधारवर एक आहे, रेशनकार्डावर दुसरं आहे, आन माझी माय म्हने की मोठा पूर आला त्याच्या पुढच्या साली तू झाली. कोनता पूर ते तिले कोन विचारनार, तापीले काय एकदाच पूर आला का? हसू नका. आमच्यात वय म्हंजे कोनी विचारलं तर सांगायची गोष्ट, जसं काम पडलं तसं वय. लगनासाठी मोठी, तिकिटासाठी लहान. त्यात काही पाप आहे असं तेव्हा कोनालेच वाटत नव्हतं, मलेही नाई.

माझी पोर मनीषा, तिचा बाप केळीच्या कापनीवर जाये. टोळी असते त्यांची, पहाटे टेम्पो येतो, घड कापायचे, डोक्यावर वाहून आनायचे, ट्रक भरायचा. आन मी पूल ओलांडून बऱ्हानपूरच्या शनवारा मोहल्ल्यात धुनीभांडी करायले जायची. एक घर वकीलसाबचं व्हतं, त्या घरी मी वीस सालाच्या वर काम केलं. त्यांची बायको, भाभी, वाईट नव्हती, खोटं काबर बोलू, सनासुदीले साडी द्यायची. त्यांचा पोरगा नीलेश आन माझी मनीषा बरोबरीचे, मनीषा दिवाळीची, तो लगेचच्या संक्रांतीचा. दोघी संगंच पोटुशा व्हतो, भाभी म्हने लीला, आपन दोघी मैत्रिनी झालो. आता मैत्रिनी म्हनलं तरी भांडे मलेच घासायचे व्हते.

तर एक दिवस मी फरशी पुसून राह्यली व्हती आन वकीलसाब कोन्या मानसासंगं नीलेशच्या जन्माच्या कागदाचं बोलून राह्यले व्हते. म्हने एक साल कमीच लिहा, आगे जाके काम आता है, परीक्षेले एक मौका जास्त भेटते. मी मनात हसली. म्हनलं काय येडी लोकं आहेत बाप्पा, लेकरू वाढून राह्यलं आन हे त्याले मागं ओढून राह्यले! आमच्याकडं तर लेकरू कधी मोठं होते आन कधी कामाले लागते याचीच वाट पाहतात. मले त्या बोलन्यातलं काही म्हंजे काहीच कळलं नाई. कळलं असतं तर आज तुमच्यासमोर हे सांगत बसली नसती.

मनीषा चार सालची झाली तोवर मी तिले संगंच न्यायची, एका कोपऱ्यात बसवायची. पन ती कुठं बसते! नीलेशची चित्राची पुस्तकं व्हती, ती उलटून पाहायची, बोट ठेवून काहीबाही बडबडायची. एकदा पान फाटलं. भाभी रागावली नाई, नुसती म्हने, लीला, कलसे इसको मत लाना. घरी ठेवू कोनाजवळ? सासू नाई, शेजारीन माझ्याचसारखी कामाले जाते. मंग मले कोनी तरी सुचवलं, सरकारी शाळेत घाल, दुपारी जेवायले देतात, चार तास तरी काळजी नाई. पन शाळेत सहा सालचं लेकरू लागे.

तुम्हाले ती जुनी परीक्षा माहीत असन, हात डोक्यावरून घेऊन उलट्या कानाले लावायचा. हात कानाले लागला म्हंजे लेकरू शाळेजोगं झालं. आमच्या शाळेतले मास्तर जुन्या जमान्याचे, जन्माचा कागद कोनाजवळच नसे, मंग ते असंच पाहत. मी आठ दिवस पोरीकडून घोटून घेतलं. कामावरून आली की तिले समोर बसवायची, मान वाकडी कर, अजून कर, खांदा वर घे, आन मी तिचं मनगट धरून ओढायची. ती म्हने माय, दुखते. मी म्हने, मनू, तठी गरम जेवन भेटते, ओढ.

गेलो मास्तरकडं. पोरीनं मान वाकडी केली, हात घेतला, आन एक बोट कमी पडलं. ती माझ्याकडं पाहून अजून ओढून राह्यली, डोळ्यात पानी आलं तिच्या, पन कान काही लागेना. मास्तर म्हने, बाई, पोर तर चार-साडेचारची दिसते, पुढच्या साली आना. मी म्हनलं, नाई मास्तर, आमची लेकरं खान्यावाचून बारीकच असतात, सहा पूर्ण आहेत तिले. ते म्हने खरं सांगा. आन मंग मी ते केलं. पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आन म्हनलं, हिची शपथ, सहाची आहे. लेकराची शपथ! आमच्यात कोनी लेकराच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोलत नाई, दारुडाही नाई बोलत, आन मी बोलली, कारन मले साडेदहाले शनवाऱ्यात पोचायचं व्हतं.  मास्तरनं रजिस्टर उघडलं आन सगळ्यांची लिहीत तशी जुलैची पहिली तारीख लिहिली, दोन साल मागची.

मास्तरले माहीत व्हतं. आता मले पक्कं वाटते की त्यांले माहीत व्हतं. ती वर्गात झोपून जाये तर ते तिले उठवत नसत, फळ्याखाली चटई टाकून देत. पन पोर हुशार निघाली हो. सहा-सहा सालच्या लेकरांत चार सालची पोर बसे आन सगळ्यांच्या आधी वाचायले लागली. भाजीचा कागद, बिडीच्या बंडलावरचा कागद, भिंतीवरची जाहिरात, जे दिसे ते वाचे. बाप म्हने हिले काय झालं, भूत लागलं का अक्षरांचं.

मंग माझा पोरगा झाला. तिसरीतून मनीषाले घरी बसवलं, पोरग्याले सांभाळायले, दोन साल. तेव्हा माझ्या कामासाठी शाळेत घातली, आता माझ्याच कामासाठी काढली. मास्तर दोनदा घरी आले, बाई, हिचं नुकसान करून राह्यल्या तुम्ही. मी म्हनलं, तुम्ही येता का मंग पोरगा सांभाळायले? असं बोलली मी त्यांले, जीभ जळो माझी. दोन सालानं पोरगा आंगनवाडीत जायले लागला तवा ती पुन्हा चौथीत बसली.

पाचवीत मास्तर पुन्हा आले, ह्या वेळी हसत आले. सरकारचं होस्टेलवालं स्कूल आहे, सहावीपासून बारावीपर्यंत, राहनं-खानं-पुस्तकं सगळं फुकट, परीक्षा देऊन भरती करतात, आन ही पोर पास होनारच म्हने. फॉर्म तेच घेऊन आले, ओट्यावर बसून भरायले लागले. जन्मतारखेच्या जागी पेन थांबला त्यांचा. बोटावर मोजलं, पुन्हा मोजलं. म्हने, कागदावर तेरा होऊन राह्यले, ह्यांची वयाची हद्द निघून गेली. पोर खरी अकराची, हद्दीच्या आत आरामात बसली असती. पन कागदावरची पोर दोन सालानं मोठी व्हती, आन ती फॉर्ममधी मावली नाई.

मनीषा दारात उभी राहून सगळं ऐकून राह्यली व्हती. मास्तर गेल्यावर म्हने, माय, मी अकराची आहे का तेराची? मी म्हनलं, अकराचीच. म्हने मंग तेरा कोनी लिहिलं? आन मी भाकरी थापता थापता म्हनलं, मास्तरनं चुकीचं लिहिलं असन. बस, एवढंच. हात पिठात व्हता, वर पाहिलं नाई मी.

ती इथल्याच शाळेत दहावीपर्यंत गेली. दहावीच्या सालीच तिच्या बापानं तुकईथडचं स्थळ आनलं, घरची थोडी केळी, कपाशी, पोरगा निर्व्यसनी. पोर पाय आपटून आपटून रडली, माय, परीक्षा तर होऊ दे. लगनाच्या आठ दिवस आधी एक सरकारी मॅडम आली, कोनी तरी खबर दिली व्हती की लहान पोरीचं लगन होऊन राह्यलं. मनीषाच्या बापानं शाळेचा दाखिला समोर ठेवला. अठरा पूर्ण. मॅडम शहानी व्हती, तिनं पोरीचं तोंड पाहिलं आन मले बाजूले घेतलं, म्हने, बाई, कागद राहू द्या, तुम्ही माय आहात, खरी उमर सांगा. सोळा म्हनायचं व्हतं हो मले. एक शब्द. पोर खिडकीतून माझ्या तोंडाकडं पाहून राह्यली व्हती. पन समोर नवरा, घरात पाहुने, आन सोळा म्हनलं तर पुढचा सवाल की मंग अठरा कोनी लिहवलं? मी म्हनलं, कागदावर आहे तेच खरं. मॅडम गेली.

तेव्हापासून मले घरात दोन पोरी दिसतात, हे मी कोनाले सांगितलं नाई. एक माझी मनू, आन दुसरी तिच्याहून दोन सालानं मोठी, तोंड नसलेली, जी नुसती कागदात राहते. चुलीजवळ बसली की मले वाटते मागं उभी आहे. होस्टेलची जागा तिनं खाल्ली, दहावी तिनं खाल्ली, लगन तर तिचंच झालं, आन सासरी मात्र माझी पोर गेली. मनूचं पहिलं बाळ दोन दिवसांचं होऊन गेलं. डॉक्टरीन म्हने आईचं वयच लहान, अंगात ताकद नाई. सगळे रडले. मी नाई रडली, मी माझ्या ह्या हाताकडं पाहून राह्यली व्हती. लेकराची खोटी शपथ कुठं ना कुठं वसूल होतेच. तुम्ही शिकलेले, तुम्ही म्हनाल असं काही नसते. नसंल. पन माझा हात ते ऐकत नाई.

आन नीलेश? तो मोठ्या परीक्षेत दोनदा नापास झाला, तिसऱ्यांदा पास झाला. त्याच्याजवळ साल शिल्लक व्हतं ना. आता मोठ्या शहरात साहेब आहे. भाभीनं पेढा दिला मले, मी खाल्ला, गोड व्हता. त्या पोराचा काय दोष? तो भला पोरगा आहे, आला की मावशी म्हनून पाया पडतो.

पन मले जे खाते ते वेगळंच. चार-पाच साल झाले, मनू माहेरी आली व्हती, कडेवर तिची दुसरी पोर, ही जगली, गोड आहे. घाटाच्या रस्त्यावर मास्तर भेटले. रिटायर झालेले, हातात काठी, नजर कमी झालेली. म्हने कोन, आमची मनीषा का? आन माझी पोर भर रस्त्यात त्यांच्यावर बरसली. तुमच्या एका तारखेनं माझं वाटोळं झालं मास्तर, तुम्हाले लिहायच्या आधी विचारता आलं नाई का, गरिबाची पोर म्हनून काहीही लिहायचं का? भाजीवाल्या बाया थांबून पाहायले लागल्या. मास्तरनं माझ्याकडं पाहिलं. मी पदर तोंडावर धरला. आन ते मानूस, काय सांगू तुम्हाले, त्या मानसानं काठी बगलेत घेतली, हात जोडले आन म्हने, चुकलं असन बेटा, म्हातारा आहे, माफ कर. आन निघून गेले.

मनू घरी येऊन ढसाढसा रडली, म्हने बोलायले नको व्हतं, पन पोटात साचलेलं व्हतं. तेव्हा तरी मी सांगायचं व्हतं. चार पावलं धावत जाऊन मास्तरले तरी म्हनायचं व्हतं. उद्या जाईन, परवा जाईन, असं करता करता पावसाळा लागला आन एक दिवस कळलं मास्तर गेले. मी त्यांच्या दारापर्यंत गेली, आत जायची हिंमत झाली नाई. आता पुलावरून जाताना काठीवालं कोनी समोरून आलं की माझे पाय थांबतात. त्यांनी मले शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मनू तुकईथडले आहे. दुसऱ्याच्या कपाशीत पन जाते, घरचं पन करते. तिची पोर यंदा शाळेत लागली, दवाखान्याच्या कागदावरची खरी तारीख लिहून, मनू स्वतः गेली व्हती. ती मले दर सनाले लुगडं पाठवते. म्हने माय, तू काय करनार व्हती, तू तर अडानी, लिहिलं मास्तरनं, लगन ठरवलं बापानं. असं म्हनते ना, तेव्हा जमीन फाटून आत घेईल तर बरं असं वाटते. तोंडानं सांगायले मी तीन वेळा तुकईथडची बस धरली, तिन्ही वेळा चहा पिऊन परत आली.

काल तुम्ही म्हनले, मावशी, छापताना नावं बदलून टाकू का, लोकं ओळखतील. मी हो म्हनून गेली. पन पडल्या पडल्या विचार केला. नका बदलू. मास्तरची काही चूक नव्हती, तेवढं साफ लिहा. माझी पोर भजे बांधून आलेला कागद पन वाचल्याशिवाय फेकत नाई, हे पन कधी ना कधी तिच्या हाती लागन. वाचून माझ्या दारात पाय ठेवला नाई तर तो तिचा हक आहे, मी काही म्हननार नाई. जठी आहे तठी सुखात राहो, तिची पोर लय शिको. पन नाव मनीषाच ठेवा, आन माझं लीलाबाई. नाव बदललं तर ती वाचेल आन म्हनेल, कोन बाई आहे बिचारी, आन पान उलटून टाकेल.